किती सापडले, की किती वाचले?

जुन्नर-आंबेगावात कॅन्सर तपासणीचं शिबिर झालं की पहिला प्रश्न, 'किती सापडले?' हाच आकडा फसवतो. दक्षिण कोरियात १९९९ नंतर थायरॉईडच्या सोनोग्राफीची लाट आली. २०११ पर्यंत निदानं १९९३ च्या पंधरापट झाली, मृत्यू मात्र जवळपास तेवढेच. आयुष्यभर त्रास न देणाऱ्या गाठीही काढल्या गेल्या. हेच अतिनिदान.

त्याच १९९९ मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास सुरू झाला. ५२ ग्रामसमूह, १,३१,७४६ स्त्रिया, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले चार गट, प्रत्येकात ३१ ते ३४ हजार जणी. २००९ चे आकडे बघा. तपासणीविना गटात कर्करोग ११८, मृत्यू ६४. अॅसेटिक अॅसिड लावून पाहिलेल्या गटात कर्करोग १५७, मृत्यू ५६. एवढा फरक योगायोगानेही पडतो. एचपीव्ही चाचणीच्या गटात कर्करोग १२७, मृत्यू ३४.

नुसतं 'सापडले' मोजलं असतं तर अॅसिडवाली पद्धत जिंकली असती! (जादा सापडलेले सगळे अतिनिदान नव्हे, काही फक्त लवकर सापडले.)

तुलनेला तपासणीविना गट होता म्हणून हे कळलं. त्यावरूनच पुढे वाद पेटला: उपयोगी तपासण्या माहीत असताना या बायकांना त्या का दिल्या नाहीत? मला तो वाद रास्त वाटतो.