पिवळ्या दिव्याची जन्मकथा : ‘चेक इंजिन’ नेमके कोणासाठी?

पेण मागे टाकून नागोठणे, निडी, रोहे या पट्ट्यातून जाणाऱ्या एखाद्या जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. चालकाची पहिली समजूत अशी की इंजिन बिघडले. परंतु या दिव्याचा जन्म इंजिनाच्या रक्षणासाठी झालेलाच नाही. तो झाला हवेच्या रक्षणासाठी, आणि हे कळल्याखेरीज त्याचे निदान नीट होत नाही.

कथेचा आरंभ लॉस एंजेलिसमध्ये. १९५० च्या सुमारास त्या शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके पसरत असे. आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन ओझोन तयार करतात. पुढे कॅलिफोर्नियात हवेचे नियमन करणारे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले.

नियम कडक होत गेले, तसा १९७५ पासून अमेरिकी मोटारींत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. १९७६ मध्ये स्वीडनच्या व्होल्वोने धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक बसवला. तिहेरी कन्व्हर्टर चोख काम करतो तो एका भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा या प्रमाणावरच. हे प्रमाण क्षणोक्षणी राखणे कार्ब्युरेटरच्या आवाक्यातले नव्हते. त्यासाठी संगणक हवा होता. आणि संगणकाला काही खटकले, तर ते कळवण्यासाठी दिवा हवा होता. जनरल मोटर्सच्या १९८१ च्या मोटारींत संगणक आणि दिवा दोन्ही दिसतात. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली, आणि १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत १६ पिनांचे एकच सॉकेट व एकाच पद्धतीचे कोड आले.

त्याआधीचे वाचन मोठे गमतीचे असे. सॉकेटमधील ठरावीक दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडायची, की दिवा लुकलुकू लागे. एकदा, थोडे थांबून दोनदा, म्हणजे १२. तारयंत्राच्या कट्ट-कडकट्टची आठवण यावी असा हा प्रकार.

याच काळात मुंबईच्या रस्त्यांवर कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी धावत होती. तिला तेलाच्या दाबाचा दिवा होता, हा नव्हता. तिचे निदान मिस्त्री प्लग काढून करीत. प्लगचे टोक काजळीने काळे, तर पेट्रोल जास्त. पांढुरके, तर हवा जास्त. फिकट तपकिरी, तर सारे ठीक. आजचा पी ०१७१ हा कोड म्हणजे तोच पांढुरका प्लग : मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. प्रश्न जुनाच आहे. विचारणारा बदलला.

येथेच अनेकांची फसगत होते. कोड दिसला की प्राणवायूचा संवेदक बदलला जातो, आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. बिचाऱ्या संवेदकाने खरे तेच सांगितलेले असते! जुन्या गाडीत कारण बहुधा दुसरीकडे सापडते : वयाने तडकलेली रबरी नळी, उंदराने कुरतडलेला पाइप, दमलेला पेट्रोल पंप, हवा मोजणाऱ्या संवेदकावर बसलेली धूळ. कोड लक्षण सांगतो, सुटा भाग नव्हे. म्हणून आधी कोड आणि त्या क्षणाची नोंद, म्हणजे वेग, तापमान, इंजिनावरील भार, लिहून घ्यायची; मग हवेची गळती, मग इंधनाचा दाब आणि संवेदक शेवटी. बॅटरीची वायर काढून दिवा विझवला की ही नोंदही पुसली जाते. लुकलुकणारा दिवा मात्र वेगळा. तो सहसा एखादा सिलिंडर पेटत नसल्याची खूण असतो. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढते. तेथे गाडी बाजूला घेणेच शहाणपणाचे.

भारतात हा दिवा कायद्याने आला तो भारत स्टेज ४ बरोबर. १ एप्रिल २०१० रोजी ते मानक १३ शहरांत लागू झाले. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर. स्वयंतपासणीचा पहिला टप्पा त्याच दिवसापासून, दुसरा २०१३ पासून. उर्वरित देशाचा मोठा भाग तेव्हा स्टेज ३ वर होता, आणि सर्व देशात स्टेज ४ पोहोचायला १ एप्रिल २०१७ उजाडले. स्टेज ४ च्या पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भाग, स्टेज ३ मध्ये १५०. गंधकाने कन्व्हर्टर मंदावतो. त्यामुळे शहरात घेतलेली नवी गाडी त्या १३ शहरांबाहेरच्या पंपावर भरली, की तिच्या यंत्रणेला तिच्यासाठी न बनलेले इंधन पचवावे लागे.

आणखी एक तपशील. ‘दिवा लागला? पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करा’ हा सल्ला अमेरिकेतून आलेला आहे. तेथील नियमांत टाकीतून वाफ गळते का, हे तपासणे बंधनकारक होते. युरोपच्या नियमांत नव्हते, आणि भारताने वाट धरली युरोपची. झाकण घट्ट असणे चांगलेच, पण येथील जुन्या गाडीचा दिवा त्याने क्वचितच विझेल.

कोड वाचण्याचा हक्क कोणाचा, हा वाद मात्र दोन्हीकडे पेटला. अमेरिकेने १९९० च्या हवा कायद्यातील दुरुस्तीत धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. भारतात हा प्रश्न स्पर्धा आयोगापुढे आला. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारापासून रोखल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि ती साधने व दुरुस्तीची पुस्तके स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. कंपन्या अपिलात गेल्या. दरम्यान स्टिअरिंगखालच्या त्या १६ पिनांत बसणारे स्वस्त वाचक बाजारात आले, आणि महामार्गालगतच्या छोट्या गॅरेजातही प्लगचा रंग ओळखणाऱ्या हातात मोबाइलवरचा कोड दिसू लागला.