घाटाखाली
बुलढाणा जिल्ह्यातील दिशादर्शक शब्द. याची जोडी ‘घाटावर’. येथे घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेची धार. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर पूर्णेच्या खोऱ्यातले, म्हणून घाटाखालचे.

ही विभागणी जुनी आहे. वऱ्हाडाचे बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग मानले जात. फारसीत ‘बाला’ म्हणजे वर, ‘पाईन’ म्हणजे खाली. ‘घाट’ मात्र संस्कृत ‘घट्ट’वरून आला. लोकांच्या तोंडी फारसी अर्ध्या शब्दांच्या जागी मराठी अव्यये आहेत, हे मोठे लोभस वाटते. इंग्रजी ‘डाउन’ही असाच डोंगरावरून बनलेला दिशादर्शक शब्द: जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘टेकडीवरून’ असा होता.

बुलढाण्याहून मलकापूरची एसटी राजूर घाटाची वळणे उतरली की हवा तापते, माळरान मागे पडते, कपाशीची काळी जमीन सुरू होते. त्यामुळे ‘पोरगी घाटाखाली दिली’ एवढ्या वाक्यात दिशेबरोबर ऊन, पीक आणि पाणीही सांगून होते. नकाशातल्या उत्तरेपेक्षा हा शब्द इथे जास्त नेमका आहे.