कवकांची एंझाइमे व पिकांचे रोग
पिकांवर रोग पाडणारी अनेक कवके (बुरशी) वनस्पतींच्या कोशिकाभित्ती (पेशींची बाह्य आवरणे) विघटित करणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांना चालना देणारी प्रथिने) स्रवतात. ही एंझाइमे रोगाचे कारण आहेत की केवळ त्याचे सहचर, हा प्रश्न शतकाहून अधिक काळ अभ्यासिला गेला आहे.

जर्मन शास्त्रज्ञ आंटोन द बारी यांनी १८८६ मध्ये स्क्लेरोटिनिया या कवकाने कुजविलेल्या गाजरांचा रस निरोगी ऊतकांवर वापरून पाहिला. त्याने कोशिकांना जोडणारा थर विरघळून त्या सुट्या झाल्या. रस तापविल्यावर मात्र हा गुण नाहीसा झाला. उष्णतेने निष्क्रिय होणे हे एंझाइमांचे लक्षण असल्याने, कवक प्रत्यक्ष नसतानाही त्याचा स्राव ऊतकाचा नाश करू शकतो, हे स्पष्ट झाले. १८८८ मध्ये इंग्लंडमधील मार्शल वॉर्ड यांना लिलीवरील बॉट्रिटिस कवकाच्या तंतूंतही असाच स्राव आढळला.

लंडन येथे विल्यम ब्राउन यांनी १९१५ मध्ये बॉट्रिटिस सिनेरिया या करड्या बुरशीच्या अंकुरित बीजुकांपासून अर्क काढला. त्याने ऊतक विलग होई आणि कोशिकाही मरत. हे दोन्ही परिणाम वेगळे करता आले नाहीत. अखंड उपत्वचेवर (पृष्ठावरील मेणचट थरावर) मात्र अर्काचा प्रभाव पडला नाही. कोशिका जोडणारे पेक्टिन तोडणाऱ्या एंझाइमांकडे त्यानंतर विशेष लक्ष वेधले गेले. वनस्पतीही निष्क्रिय नसतात; अशा एंझाइमांना रोधणारी प्रथिने त्यांच्या कोशिकाभित्तींत असल्याचे १९७१ मध्ये दाखविण्यात आले.

पुढे एकेक जनुक निकामी करून निर्णायक परीक्षा घेता आली. मक्यावरील एका कवकाचे पेक्टिनविघटक जनुक निकामी केले (१९९०), तरी त्याची रोगकारकता टिकली. वाटाण्यावरील कवकाच्या उपत्वचाविघटक एंझाइमाबाबतही १९९२ मध्ये असाच निष्कर्ष निघाला. उलट, करड्या बुरशीचे एक पेक्टिनविघटक जनुक निकामी केल्यावर (१९९८) टोमॅटोवरील तिची तीव्रता घटली. ओटमधील संरक्षक विष नष्ट करणारे एंझाइम गमावलेल्या कवकाला (१९९५) ओटवर रोग पाडता येईना. गव्हावर मात्र त्याची रोगकारकता कायम राहिली.

यावरून एंझाइमाचे महत्त्व कवक व पीक यांच्या जोडीनुसार ठरते, असे दिसते. एकाच कार्याची अनेक एंझाइमे कवकाजवळ असल्यास एकाची उणीव दुसरी भरून काढतात. म्हणून एकाच एंझाइमाला रोधून पिकाचे रक्षण होईलच असे नाही. रोगप्रतिकारक वाण निर्माण करताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.