डेमन तिकडे गेला

२० ऑक्टोबर २००४ची रात्र. तुम्ही बॉस्टनमध्ये आहात, केनमोर चौकाजवळच्या एका बारमध्ये. मुंगीला शिरायला जागा नाही. टीव्हीवर न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम दिसतंय. तुमचा रेड सॉक्स हा बेसबॉल संघ यांकीजविरुद्धच्या या मालिकेत आधी ३ सामने हरला, मग सलग ३ जिंकला. आजचा सातवा. पहिले ३ सामने गमावून सात सामन्यांची मालिका जिंकणं मेजर लीगमध्ये आजवर कुणालाही जमलेलं नाही.

दुसरा डाव. तिन्ही बेस भरलेले. जॉनी डेमन बॅट घेऊन येतो. खांद्यावर रुळणारे केस, चेहरा झाकून टाकणारी दाढी, पाठीवर १८ नंबर. यांकीजनी आत्ताच पिचर बदललाय. हावियेर वास्केसचा पहिलाच चेंडू डेमन उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावतो. एका फटक्यात ४ धावा! शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला कडकडून मिठी मारतो. चौथ्या डावात त्याच वास्केसला दुसरा होमरन. सामना १०-३. पुढच्या आठवड्यात रेड सॉक्स वर्ल्ड सिरीजही जिंकतात, १९१८ नंतर पहिल्यांदाच. ज्यांचे वडील आणि आजोबा वाट पाहत गेले, ती माणसं रस्त्यावर उभी राहून रडतात. तुम्ही १८ नंबरचा शर्ट विकत घेता.

आता डिसेंबर २००५मध्ये या. सकाळ, बाहेर कडाक्याची थंडी, आणि हातातल्या पेपरात बातमी: डेमन यांकीजकडे. ४ वर्षांचे ५ कोटी २० लाख डॉलर. रेड सॉक्स तेवढ्याच वर्षांचे ४ कोटी देत होते. याच वर्षी मे महिन्यात तो म्हणाला होता की आपण यांकीजकडून खेळूच शकत नाही. काही दिवसांत नवा फोटो येतो. तेव्हा यांकीजच्या खेळाडूला दाढी ठेवता येत नसे, केस कॉलरच्या खाली येऊ द्यायचे नसत. गुळगुळीत दाढी केलेला, भांग पाडलेला हा माणूस ओळखायलाही तुम्हाला क्षणभर लागतो. जास्त पैसे मिळाले म्हणून गेला, ते एक वेळ समजू शकतं. पण तिकडेच?

राग नेमका कुणावर काढायचा, हे कळायला आणखी मागे जावं लागेल. ५ जानेवारी १९२०. बॉस्टनमध्ये बातमी फुटलीय की रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला यांकीजना १ लाख डॉलरला विकलं. आदल्या हंगामात विक्रमी २९ होमरन मारणारा रूथ! तुमच्या आजूबाजूचे लोक शिव्या देतायत त्या फ्रेझींना. रूथला कुणी गद्दार म्हणत नाही, कारण तो गेलेला नाही, त्याला पाठवलंय. करारातल्या राखीव कलमामुळे खेळाडू क्लबच्या मालकीचा. कुठे खेळायचं ते मालक ठरवणार.

हे कलम मोडायला अर्धशतक जावं लागलं. १९६९मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला धाडलं, तेव्हा त्यानं जायला नकार दिला आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९७२मध्ये तो हरला. त्याची कारकीर्द त्यातच संपली. पण डिसेंबर १९७५मध्ये लवादानं अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन खेळाडूंना मोकळं केलं, आणि करार संपल्यावर हवा तो संघ निवडायची वाट खेळाडूंना खुली झाली. बरोबर ३० वर्षांनी डेमन त्याच वाटेनं गेला. तुम्हाला जे लागलंय ते हेच. या वेळी शिव्या द्यायला मध्ये कुणी फ्रेझी नाही.

१ मे २००६, सोमवार, रेड सॉक्सचं घरचं मैदान फेनवे पार्क. डावीकडे ३७ फूट उंच हिरवी भिंत, हवेत भाजलेल्या सॉसेजचा आणि कांद्याचा वास. पुढच्या रांगेतल्या पोरानं शर्टावरच्या डेमनच्या नावावर पांढरी चिकटपट्टी लावलीय. आज टिम वेकफिल्ड पिचर आहे. त्याचा नकलबॉल जवळजवळ न फिरता हेलकावत येतो आणि भल्याभल्या कॅचरच्या हातून निसटतो. तो झेलायची सवय असलेल्या डग मिराबेलीला रेड सॉक्सनी आजच सॅन डिएगोहून परत मिळवलंय. विमानतळावरून पोलिसांच्या गाड्यांच्या बंदोबस्तात येताना त्यानं गाडीतच कपडे बदलले.

आणि यांकीजचा पहिला फलंदाज येतो. राखाडी कपडे, नंबर तोच, १८. सगळं मैदान हुर्यो उडवतं. तुम्हीही घसा फाटेपर्यंत ओरडता. मधूनच कुठेतरी टाळ्याही वाजतात. डेमन हेल्मेट काढून उंचावतो. नंतर तो सेंटर फील्डला उभा राहतो, तेव्हा वरून नोटा भिरकावल्या जातात. रात्रभरात त्याला एकही हिट मिळत नाही. आठव्या डावात डेव्हिड ऑर्टिझ ३ धावांचा होमरन मारतो आणि रेड सॉक्स ७-३ जिंकतात.

तुमची हुर्यो रास्त आहे. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याच्यावर कुणी असं ओरडत नाही. त्याचं जाणंही रास्त आहे. फ्लडनं ज्याच्यासाठी कारकीर्द घालवली तो हक्क फक्त आपल्या आवडीच्या निर्णयांपुरता नसतो. डेमननं यांकीजना पुढची ४ वर्षं विकली. तुमच्याकडे खेळलेली मागची ४ त्याला विकता येणार नाहीत. तो ऑक्टोबरचा फटका यांकीजच्याच अंगणात, यांकीजच्याच विरुद्ध बसला आणि तो तुमच्या खात्यावर कायमचा जमा आहे. तेव्हा पुढच्या वेळी तो बॅट घेऊन आला की पुन्हा हुर्यो उडवा. आणि आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा फटका कुणाचा, असं कुणी विचारलं, तर त्याचंच नाव सांगा.