हुल्सहोफची गढी

* हुल्सहोफ : जर्मनीत म्युन्स्टर शहराच्या पश्चिमेला असलेली, ड्रोस्टे-हुल्सहोफ या सरदार घराण्याची गढी. हा सारा मुलूख सपाट आणि पाणथळ आहे. डोंगरमाथा नसल्याने इथल्या सरदारांनी संरक्षणाची भिस्त पाण्यावर ठेवली. खंदकाच्या पाण्यात दोन बेटे. पुढच्या बेटावर कोठारे, तबेले आणि कोपऱ्यांवर मनोरे, मागच्या बेटावर राहता वाडा. पुढचे बेट ओलांडल्याशिवाय वाड्यात पाऊल पडत नाही, हीच या बांधणीची खुबी. १५४० ते १५४५च्या सुमारास उभा राहिलेला वाडा विटांचा असून त्याच्या दर्शनी भिंतीचा त्रिकोणी माथा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जातो. दिखाव्याची हाव नसलेली, पण अतिशय देखणी अशी ही वास्तू आहे.

कवयित्री आनेट फोन ड्रोस्टे-हुल्सहोफ १७९७ साली इथेच जन्मली. १८२६ मध्ये वडील वारले, मालमत्ता भावाकडे गेली आणि आनेट आई व बहिणीसह जवळच्या र्‍युशहाउसमध्ये राहायला गेली. तिथला मुक्काम लक्षात घेतल्याशिवाय तिच्या कवितेतील एकटेपण नीट उमगणार नाही. र्‍युशहाउस वास्तुविशारद श्लाउन याने अठराव्या शतकात स्वतःसाठी बांधले होते. दोन्ही वास्तू आज पाहता येतात. – संपादक