वीजखंडात चौकाचे नियमन

चौकातील सिग्नल-नियंत्रकाला महावितरणचा पुरवठा मिळत नाही तो काळ म्हणजे ‘खंड’. प्रत्येक दिशेच्या वाहनाला निःसंदिग्ध आज्ञा मिळणे म्हणजे ‘नियमन’. दिवे हे नियमनाचे साधन होय, साध्य नव्हे. विवेचनासाठी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील चौक घेऊ. येथे चादर-टॉवेलांचे कारखाने आहेत. पाळी सुटताच कामगार आणि मालाचे ट्रक एकाच रस्त्यावर येतात.

कालमानाने खंड तीन प्रकारचा: (१) क्षणिक, (२) काही तासांचा, (३) दीर्घ.

क्षणिक खंडात अंधारापेक्षा पुनरारंभ घातक असतो. चक्र भलत्याच टप्प्यावर सुरू झाल्यास चौकाच्या मध्यात असलेल्या वाहनावर आडवी वाहने सुटतात. म्हणून पुरवठा परतताच प्रथम सर्व दिशांना लाल, मग नवे चक्र.

दुसऱ्या प्रकाराला साठा हवा. १२ वॅटचे आठ एलईडी दिवे एका वेळी पेटलेले आणि नियंत्रकाला ५४ वॅट धरल्यास भार १५० वॅट होतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात. त्यातले निम्मेच वापरून, इन्व्हर्टरची १५ टक्के हानी वजा केल्यास सुमारे पाच तास मिळतात. दिवे १०० वॅटचे जुने बल्ब असते, तर एक तासही मिळाला नसता.

हा हिशेब तापमानसापेक्ष आहे. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि सोलापूरचा उन्हाळा ४० अंश ओलांडतो. वळवाच्या वादळांनी तारा तुटतात त्या याच दिवसांत. म्हणून बॅटरीच्या पेटीला सावली व वायुवीजन हवे, आणि भार देऊन बॅटरीची चाचणी वळवापूर्वी व्हावी.

दीर्घ खंडात पायऱ्या कराव्यात: (अ) पूर्ण चक्र, (आ) साठा घटल्यावर मुख्य रस्त्याला लुकलुकता पिवळा, उपरस्त्याला लुकलुकता लाल, (इ) पोलिसाचे हस्तनियमन, (ई) फलक. आगीसारख्या प्रसंगी मात्र हा क्रम मोडावा लागतो. १८ मे २०२५ रोजी याच वसाहतीतील टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जणांचा मृत्यू झाला. अशा वेळी परिसराची वीज तोडावी लागते, आणि तेव्हाच बंबांना वाट हवी असते. तेथे पोलीस प्रथमपासूनच हवा.

फलकाला आधार २०१७ च्या वाहनचालन विनियमांचा आहे: अनियंत्रित चौकात मुख्य रस्त्याला, अन्यथा उजवीकडून येणाऱ्याला अग्रक्रम. त्याला वीज लागत नाही. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीहून कमी वीज लागावी आणि शेवटच्या पायरीला मुळीच लागू नये, हीच व्यवस्थेची कसोटी.