पाइपची कुळकथा

जुहू-पार्ले योजनेतल्या गुलमोहर क्रॉस रोड क्र. ९ वर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. डॉ. एस. रमाणी तिचे संचालक. १९८६-८७ च्या सुमारास या संस्थेची आणि पवईच्या आयआयटीची ई-मेल साध्या फोनलाइनवरून सुरू झाली. त्यासाठी वापरलेल्या यूयूसीपी या युनिक्स यंत्रांमधल्या देवाणघेवाणीच्या पद्धतीत मजकुरासोबत हुकूमही जायचा: ‘आरमेल’ प्रोग्राम चालव आणि हे पत्र त्याला वाचायला दे. एका प्रोग्रामने दुसऱ्याला कामाला लावायचं, हीच ती युक्ती. आज कॉलेजातली मुलं पायथनमधून स्क्रिप्ट चालवून तिचं आउटपुट पकडतात, तेही याच कुळातलं.

कुळाचं मूळ बेल लॅब्समध्ये. प्रोग्राम बागेतल्या रबरी नळ्यांसारखे एकमेकांना जोडता यावेत, असं डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं. केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये असा जोड, म्हणजेच पाइप, बसवला तो १९७३ साली. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘पीओपन’ हे फंक्शन आलं, बॉर्न शेलमधली उलटी अवतरणंही आली, आणि दुसऱ्याचं आउटपुट हातात घेणं एका ओळीचं काम झालं.

आत काय घडतं, ते मला फार देखणं वाटतं. प्रोग्राम आधी पाइप उघडतो, मग ‘फोर्क’ करून स्वतःची प्रत काढतो. ती प्रत आपला क्रमांक १ चा मार्ग, एरवी पडद्याकडे जाणारा, पाइपच्या तोंडाला लावते आणि ‘एक्झेक’ने स्वतःच्या जागी स्क्रिप्ट आणते. स्क्रिप्ट नेहमीसारखी लिहीत राहते; वाचणारा बदललाय, याची दखल तिला घ्यावी लागत नाही. म्हणून कोणाच्याही प्रोग्रामचं आउटपुट, त्यात एक अक्षर न बदलता, पकडता येतं.

चुकांचे संदेश मात्र क्रमांक २ च्या मार्गाने जातात. तो वेगळा पकडावा लागतो. दोन्ही पाइप उघडले आणि एकच वाचत बसलं, तर दुसरा भरतो (लिनक्सवर साधारण ६४ केबीला) आणि दोघंही एकमेकांची वाट पाहत अडकतात.

२००४ मध्ये पायथनच्या २.४ आवृत्तीत ‘सबप्रोसेस’ आलं आणि दोन्ही मार्ग एकदम वाचायची सोय झाली. तरी स्क्रिप्ट संपल्यावर एक्झिट कोड तपासाच: शून्य नसेल, तर हाती आलेल्या आउटपुटवर विसंबू नका.